बायोडेटातील आजोळ: न दिसणाऱ्या सिद्दी ओळखीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण विवाहपूर्व समुपदेशनासाठी मुंबईत माझ्याकडे आलेल्या एका अठ्ठावीस वर्षांच्या तरुणीचे आहे. तिची लेखी संमती घेऊन आणि तिच्या आजी व मामांना मजकूर वाचून दाखवून ते येथे मांडले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला आपण रेवा म्हणू.

रेवाचे वडील कणकवली तालुक्यातील मराठा कुटुंबातले. आईचे वडील खानापूर तालुक्यातून मुंबईत येऊन गिरणीत लागले आणि लालबागला एका कारवारी बाईंच्या खानावळीत जेवू लागले. त्या खानावळीत स्वयंपाकाला मदत करणारी मुलगी उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर तालुक्यातून आलेली होती, आफ्रिकी वंशाच्या हिंदू सिद्दी कुटुंबातली. साठच्या दशकाच्या अखेरीस या दोघांनी लग्न केले. ती रेवाची आजी. १९८२ च्या संपात आजोबांची नोकरी गेली, तेव्हा आजीने घरातूनच डबे देऊन दोन्ही मुले शिकवली. मुलीचे, म्हणजे रेवाच्या आईचे, लग्न १९९३ मध्ये झाले. मुलगा, म्हणजे रेवाचा मामा, पुढे बंदरात नोकरीला लागला.

सिद्दी समाजाविषयी मराठी वाचकाला जे ठाऊक असते ते बहुधा शालेय इतिहासातून आलेले असते: जंजिऱ्याचा सिद्दी आणि १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर. फार तर अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार सांभाळणारा आणि खडकी (पुढचे औरंगाबाद) वसवणारा मलिक अंबर. पूर्व आफ्रिकेतून शतकानुशतके अरबी समुद्रमार्गे गुलाम, सैनिक आणि खलाशी म्हणून आणलेल्या माणसांपैकी काही जण सरदार झाले, हे खरे आहे. परंतु यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या भागांतील सिद्दींचा इतिहास सरदारकीचा नाही. त्यांच्यातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातील गुलामगिरीतून सुटलेले किंवा पळून सह्याद्रीच्या जंगलात शिरलेले लोक होते. त्यांच्यात हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत आणि त्यांची घरातली बोली कोकणीच्या जवळची आहे. त्यामुळे गिरणगावात आजीची भाषा कोणाला परकी वाटली नाही. तिचा चेहरा आणि केस मात्र लोकांच्या नजरेत भरत राहिले.

दोन्ही मुलांपैकी मामा आजीवर गेला. आई सावळी आहे, केस दाट कुरळे आहेत, आणि ती ते तेल लावून घट्ट वेणीत बांधते. तिला कोणी काही विचारत नाही. रेवा पूर्णपणे वडिलांच्या वळणाची आहे. तिच्या जन्मानंतर तिची आजी, म्हणजे वडिलांची आई, दवाखान्यात आली आणि तिने पहिल्यांदा बाळाचे टोपडे काढून केस पाहिले, ही गोष्ट घरात अनेक वर्षे हसत सांगितली जात असे. रेवानेही ती लहानपणी हसतच ऐकली होती.

प्रश्न कसा उभा राहिला

रेवाच्या लेखी आजोळ म्हणजे मे महिन्याची सुट्टी, आजीने जुन्या साड्यांच्या तुकड्यांतून शिवलेली कवंद आणि लग्नकार्यात मामा वाजवीत असलेला डमाम नावाचा ढोल. कवंद आपल्या गोधडीसारखीच असते, परंतु तिच्या चारही कोपऱ्यांना कापडाचे फूल लावल्याखेरीज ती पूर्ण झाली असे सिद्दी बायका मानत नाहीत. रेवा आजही तीच पांघरते. ही ओळख तिला कोणी शिकवली नव्हती. ती तिच्यात वाढली होती. मात्र घराबाहेर ती कधीच उच्चारली गेली नाही, कारण ती कोणाला दिसत नव्हती आणि न दिसणाऱ्या गोष्टीविषयी प्रश्न येत नाहीत.

नोकरीला लागल्यावर लोकलच्या डब्यात आणि कार्यालयातील जेवणाच्या सुट्टीत आफ्रिकी लोकांविषयी होणारे बोलणे तिला ऐकू येऊ लागले. मीरा रोड, नालासोपारा या भागांत राहणाऱ्या नायजेरियन तरुणांचा विषय निघाला की अमली पदार्थ, वास, केस यांवरून जे बोलले जाई, ते तिच्यासमोर मोकळेपणाने बोलले जाई, कारण बोलणारे तिला आपल्यातलीच समजत. ती गप्प बसे. त्याच सुमारास मामाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला स्टेशनवर अडवून पासपोर्ट मागितला गेला. त्याने अस्खलित मराठीत उत्तर दिले, आधार कार्ड दाखवले, तरी त्याला बराच वेळ बसवून ठेवण्यात आले. त्या रात्री तिला झोप लागली नाही. भाऊ जे सोसतो ते आपण सोसत नाही, आणि जे आपल्यासमोर बोलले जाते त्याला आपण उत्तरही देत नाही, ही जाणीव तिला समुपदेशनाकडे घेऊन आली, असे तिने पहिल्याच भेटीत सांगितले.

परंतु निमित्त झाले ते लग्नाचे. तिच्या आत्याने ठाण्यातील एक स्थळ सुचवले होते. मराठी घरांतील बायोडेट्यात मामाचे नाव, गाव आणि नातेसंबंधातील आडनावे लिहिण्याची रीत आहे; कूळ पाहणारी माणसे मुलीच्या पगाराआधी तोच भाग वाचतात. आत्याने तयार केलेल्या बायोडेट्यात मामाच्या नावाच्या जागी रेवाच्या आईच्या खानापूरच्या एका चुलत भावाचे नाव होते. तेवढ्यावर थांबले नव्हते. लग्नाच्या दिवशी मुलीला बोहल्यावर आणण्याचा आणि मंगलाष्टके चालू असताना तिच्यामागे उभे राहण्याचा मान मामाचा असतो. तो मानही त्या चुलत मामाने घ्यावा आणि सख्ख्या मामाने स्वागत समारंभाला संध्याकाळी यावे, असे आत्या आणि वडिलांमध्ये ठरले होते. मामाला ते कळवण्यात आले होते आणि त्याने ‘हरकत नाही’ असे उत्तरही दिले होते.

रेवाने हे मला सांगितले तेव्हा ती वडिलांवर रागावलेली होती. वडिलांना भेटल्यावर चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. त्यांच्या स्वतःच्या लग्नाला त्यांची आई आली नव्हती, दोन भावांनी काही वर्षे संबंध तोडले होते, आणि रेवाच्या जन्मानंतरच घरी जाणे-येणे सुरू झाले होते. बायकोला गावच्या देवळात काय ऐकून घ्यावे लागले, हे त्यांनी मुलांना कधीच सांगितले नव्हते. ‘मी जे भोगले ते मुलीच्या वाट्याला कशाला?’ हे त्यांचे वाक्य होते आणि ते मनापासूनचे होते. हे लपवणे तिरस्कारातून आलेले नव्हते, भीतीतून आले होते. मात्र भीतीतून केलेल्या लपवण्याचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न सांगण्याचा होता. तो टिकण्यासारखा नाही, हे कुटुंबाच्याही लक्षात येत होते. दिवाळी, बारसे, आजारपण यांत मामाला कायमचे बाहेर ठेवावे लागले असते. शिवाय नंतर कळल्यास ‘फसवणूक केली’ हा आरोप रेवावर आला असता.

दुसरा पर्याय फक्त मुलाला खासगीत सांगण्याचा. रेवाला तो सुरुवातीला सर्वांत बरा वाटला. आपल्याकडील ठरवून केलेल्या लग्नांत मात्र मुलाला एकट्याला सांगणे म्हणजे त्याच्यावर गुपित सांभाळण्याचे ओझे टाकणे होते. पुढे त्याच्या आईने ‘तुला माहीत होते?’ असे विचारल्यावर तो कोणाच्या बाजूने उभा राहील, याची ही आधीच घेतलेली परीक्षा ठरली असती.

तिसरा पर्याय आत्याने सुचवला: रक्ततपासणी करून घ्यावी, अहवाल चांगला आला की विषय संपला. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार सिद्दी समाजात आढळतो, तसा तो विदर्भातील आणि नंदुरबारकडील अनेक समाजांतही आढळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याला असा कोणताही आनुवंशिक रक्तदोष नसेल, तर बाळाला हा आजार होत नाही. ही तपासणी लग्नाआधी दोघांनीही करून घेणे शहाणपणाचे आहे, आणि रेवाने ती करून घेतली. ती वाहक नव्हती. या ठिकाणी मला ठामपणे मध्ये पडावे लागले. अहवाल हातात आल्यावर घरात ‘आता सांगण्यासारखे काही उरलेच नाही’ असा सूर लागला होता, जणू आजी हा एक संभाव्य आजार होता आणि तो नसल्याचे सिद्ध झाले होते. आरोग्याचा प्रश्न आणि ओळखीचा प्रश्न एकमेकांपासून वेगळे करणे हा या प्रकरणातील सर्वांत आवश्यक टप्पा होता, असे माझे मत आहे.

चौथा पर्याय बायोडेट्यात खरे नाव आणि खरे गाव लिहून मामाला पहिल्याच बैठकीला बोलावण्याचा. वडिलांची त्यावर एक वेगळीच शंका होती: लोक म्हणतील, सवलतींसाठी हे पुढे आणले. ती शंका वस्तुस्थितीने दूर करता आली. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश २००३ मध्ये झाला. हा दर्जा राज्य आणि प्रदेशानुसार असतो आणि दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्या व्यक्तीला तो तेथे आपोआप लागू होत नाही. आंतरजातीय विवाहातील अपत्याची जात वडिलांचीच असा सर्वसाधारण समज असला, तरी संगोपन कोणत्या परिस्थितीत झाले हे दाखवून तो खोडता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले आहे. परंतु रेवा मुंबईत वडिलांच्या समाजात वाढलेली होती आणि तिला कोणताही दाखला नको होता. तिला फक्त मामाला मामा म्हणायचे होते.

निर्णय आणि कृती

पर्याय मांडून झाल्यावरही एक मोठी उणीव होती. ज्यांच्याविषयी सारे चालले होते, त्या आजी आणि मामाला कोणी विचारले नव्हते. रेवाची ओळख दिसत नाही, म्हणून ती सांगायची की नाही हे ठरवण्याची मुभा तिला होती. मामाला ती मुभा जन्मापासूनच नव्हती, आणि रेवाच्या प्रत्येक मौनाची किंमत त्याच्या अनुपस्थितीने चुकती होत होती. म्हणून पुढची भेट लालबागला आजीच्या घरी घेतली.

आजीने सगळे ऐकून घेतले आणि तिचा पहिला प्रश्न जावयाला होता: ‘तुम्ही माझ्या मुलीशी लग्न केलंत तेव्हा घाबरला नाहीत, मग आता कशाला घाबरता?’ वडिलांना उत्तर देता आले नाही. सांगायला आजीची हरकत नव्हती, परंतु तिची एक अट होती. कोणी माफी मागितल्यासारखे सांगायचे नाही आणि कोणी मोठेपणा चिकटवायचा नाही. ही दुसरी गोष्ट आत्याला उद्देशून होती, कारण तिने तोवर ‘मलिक अंबराच्या वंशातले म्हणून सांगू, ऐकायला बरे वाटेल’ अशी तोड काढली होती. जंगलात राहून मोलमजुरी केलेल्या आपल्या आईवडिलांना झाकून कोणा वजिराचे नाव लावणे आजीला मान्य नव्हते.

मामाशी मी वेगळे बोललो. रेवाच्या शाळेतील स्नेहसंमेलनांपासून तो स्वतःहून मागे राहत आला होता, हे तेव्हा समजले. कोणी सांगितले नव्हते; ताईला अवघडायला नको म्हणून त्याने स्वतःच ठरवले होते. ‘हरकत नाही’ हे त्याचे उत्तर संमतीचे नव्हते, सवयीचे होते. तुम्हाला काय हवे आहे, असे थेट विचारल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला की भाचीला बोहल्यावर आणायचे आहे. आणि ते होणार नसेल तर संध्याकाळी पाहुण्यासारखे येऊन जेवायचे मात्र नाही.

यानंतर कुटुंबाने चौथा पर्याय निवडला, एका बदलासह. बैठकीत अचानक मामाला पाहून समोरच्यांची प्रतिक्रिया काय होईल, हे मामाच्या चेहऱ्यावर अजमावले जाऊ नये, म्हणून आधी वडिलांनीच मुलाच्या वडिलांना भेटून सांगावे असे ठरले. हे रेवाने सांगावे की वडिलांनी, यावर बरीच चर्चा झाली. रेवाला ते स्वतः सांगायचे होते. परंतु लपवण्याचा निर्णय वडिलांचा होता आणि दोन्ही घरांतील बोलणी त्यांच्यातच चालली होती, म्हणून दुरुस्तीही त्यांनी करावी असे मी सुचवले. त्याच दिवशी रेवाने मुलाला सांगितले. त्याचा पहिला प्रश्न तिच्या मामेभावाविषयी होता, स्टेशनवर नेमके काय झाले याविषयी; यावरून तिला त्याच्याबद्दल बरेच कळले, असे ती म्हणाली.

मुलाकडील प्रतिक्रिया एकसारखी नव्हती. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले. काकांनी ‘म्हणजे जंजिऱ्याचे का?’ असे विचारले आणि महाराजांच्या शत्रूच्या घरात सोयरीक कशी करायची, असा सूर लावला. रेवाच्या वडिलांनी त्यांना सांगितले की यल्लापूरच्या जंगलातील या माणसांचा जंजिऱ्याच्या दर्याशी काही संबंध नाही. आणि सिद्दींविषयीच बोलायचे तर पन्हाळ्याच्या वेढ्याच्या वेळी सिद्दी हिलाल महाराजांच्या बाजूने लढला होता, हेही इतिहासातच आहे. माझ्या मते पहिले उत्तर पुरेसे होते. दुसऱ्या उत्तराने, नकळत का होईना, निष्ठेचा दाखला देण्याची जबाबदारी आजीच्या माहेरावर टाकली. परंतु ज्या माणसाने तीस वर्षे हा विषय टाळला होता, तो स्वतःहून वाचून येऊन आपल्या सासूच्या बाजूने बोलत होता, याचे मोल मी कमी मानत नाही.

खरी अडचण मुलाच्या आईकडून आली. त्यांनी नकार दिला नाही. रेवा त्यांना पसंत होती. मात्र ‘आम्हाला काही नाही, पण आमच्या नातेवाइकांसमोर कशाला? मामांचा मान आपण घरच्या घरी साखरपुड्याला करू, लग्नात नको’ असे त्यांनी आत्यामार्फत कळवले. ही मागणी इतक्या मऊ शब्दांत आली होती की वडील जवळजवळ तयार झाले. या वेळी रेवाने वडिलांना थांबवले आणि स्वतः जाऊन त्या बाईंशी बोलली. मामाशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही, आणि यामुळे स्थळ मोडले तर मी तुम्हाला दोष देणार नाही, एवढेच तिने सांगितले. त्यानंतर काही आठवडे ठाण्याहून निरोप आला नाही.

परिणाम

लग्न झाले, ठरल्यापेक्षा उशिरा. मुलाने घरी आपली भूमिका बदलली नाही आणि शेवटी त्याच्या वडिलांनी निर्णय घेतला. दादरच्या सभागृहात गुरुजींनी ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे’ म्हटल्यावर सख्खा मामाच तिला घेऊन आला. मुलाचे काका आणि त्यांचे कुटुंब लग्नाला आले नाही. सासूबाईंचे वागणे नीट आहे, परंतु लालबागला त्या अजून गेलेल्या नाहीत. रेवा त्यांच्यामागे लागत नाही. तो तिचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

कार्यालयात तिने एकदा, जेवणाच्या टेबलावरील नेहमीचे बोलणे चालू असताना, माझी आजी सिद्दी आहे आणि माझ्या भावाला अशाच समजुतीमुळे स्टेशनवर बसवून ठेवले होते, असे सांगितले. दोघींनी माफी मागितली, एकीने ‘पण तू तशी वाटत नाहीस’ म्हटले. या शेवटच्या वाक्याचा तिला सर्वांत जास्त त्रास झाला. ते कौतुक म्हणून म्हटले गेले होते, आणि ते स्वीकारायचे तर आजीला नाकारावे लागत होते. यापुढे प्रत्येक वेळी सांगायलाच हवे का, हा तिचा प्रश्न होता. तशी सक्ती तिने स्वतःवर करू नये, असे मी सुचवले. दमलेल्या दिवशी गप्प बसणे आणि मामाला लग्नातून वगळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मामेभावाची परिस्थिती मात्र बदललेली नाही. रेवाच्या बोलण्याने तिचे मन मोकळे झाले. त्याला अडवले जाणे थांबले नाही. आता तिने त्याच्यासाठी एका वकिलाची माहिती काढून ठेवली आहे आणि असा प्रसंग आला तर पहिला फोन तिला करायचा, असे दोघांत ठरले आहे.

वेगळे काय करता आले असते

असे प्रकरण पुन्हा आले तर पर्यायांची चर्चा सुरू होण्याआधीच, ज्यांची ओळख चेहऱ्यावर दिसते त्या नातेवाइकांना भेटणे योग्य ठरेल. मामाचे म्हणणे आधी कळले असते, तर पहिले दोन पर्याय विचारातही आले नसते आणि वडिलांनाही आपण काय मागत आहोत हे लवकर दिसले असते. रक्ततपासणी समुपदेशनाच्या अगदी सुरुवातीला, वधू आणि वर दोघांसाठी, नेहमीची बाब म्हणून सुचवली तर तिचा ओळखीशी गोंधळ होणार नाही. आत्यालाही वेगळा वेळ द्यायला हवा होता. सर्व तोडगे तिच्याकडून आले, म्हणून सगळ्यांनी तिला दोष दिला, परंतु १९९३ मध्ये भावाच्या लग्नाला माहेरचा विरोध पत्करून एकटी तीच हजर होती, हे फार उशिरा समोर आले.

रेवाच्या आईविषयी या लेखात कमी लिहिले आहे, कारण बैठकांमध्ये त्या कमी बोलल्या. मुलीत न दिसणाऱ्या आणि भावात पूर्ण दिसणाऱ्या ओळखीच्या मध्ये त्या आयुष्यभर उभ्या आहेत, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र जागा करणे आवश्यक होते. लग्नानंतर त्या स्वतः होऊन भेटायला आल्या आहेत आणि ते काम सध्या चालू आहे.

रेवाच्या धाकट्या भावाचा बायोडेटा आता तयार होत आहे. त्यात आजोळचे गाव लिहू नये, असे त्याचे म्हणणे आहे; ताईने केले म्हणून मला ते करावे लागेल असे नाही, असे तो म्हणतो. वडिलांनी त्याला मामाला भेटून यायला सांगितले आहे आणि त्यानंतर जे ठरवशील ते मला सांग, असे म्हटले आहे.